बेटाखाली पडणारी अंडी

नंदाखाल,
सोमवार

प्रिय ज्युलियसदादा,

सेबॅस्टियनचा जय येशू. जव्हारची हवा तुझ्या गुडघ्यांना मानवते ना? फ्लॉसीवहिनींचा खोकला थांबला का? इकडे सगळं क्षेम. केळी चांगली लागली आहेत, जीनाची तब्येत उत्तम आहे (आवाजावरून तरी तसंच वाटतं). पत्राचं कारण असं, की काल मी जमीन फोडून आरपार खाली पडलो. घाबरू नकोस, हाडं शाबूत आहेत. पडलो तो खेळात. पण तिथं जे पाहिलं, ते थोरल्या माणसाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

आपल्या सँड्राने दोन मित्रांबरोबर बोळिंजला एका फ्लॅटमध्ये कंपनी काढली आहे, हे तुला ठाऊक आहेच. (मी लोकांना ‘कॉम्प्युटरचं काहीतरी’ एवढंच सांगत आलो. मला तेवढंच कळत होतं.) तर ही पोरं एक खेळ बनवतात. समुद्रात एक बेट आहे, जगभरातली माणसं आपापल्या घरून एकाच वेळी त्यावर उतरतात, घरं बांधतात, शेती करतात, होड्या हाकतात. परदेशातली एक मोठी कंपनी येत्या शनिवारी तो खेळून बघणार आहे. तिला आवडला तर खेळ बाजारात येईल, नाहीतर फ्लॅटला कुलूप आणि पोरगी नोकरीला हैदराबादला. हे ऐकल्यापासून जीना लेकीच्या ताटात रोज एक मासा जास्त वाढते.

आणि नेमकं याच वेळी बेट आजारी पडलं. सुरुवातीला छान चालायचं. मग हळूहळू सगळे काकवीत बुडाल्यासारखे चालायला लागायचे. झाडावर कुऱ्हाड घालावी तर झाड चहा पिऊन झाल्यावर पडायचं. चार पावलं पुढं जावं तर कुणीतरी सदरा ओढावा तसं माणूस पुन्हा मागं. सर्व्हर म्हणून एक मधला कॉम्प्युटर असतो, बेटावर कोण कुठं आहे, काय करतंय, हे तो सगळ्यांना सतत सांगत असतो. तो बंद करून चालू केला की तासभर बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. सँड्राचा भागीदार भूपेश म्हणायचा, नेटचा दोष. सँड्रा म्हणायची, नेटचा दोष असता तर चालू-बंद केल्यावर बरं का वाटतं? दोघं जेवण सोडून भांडत.

शेवटी गर्दी जमवून बघायचं ठरलं. रविवारची मिस्सा संपल्यावर सँड्राने अख्ख्या गायनमंडळाला हात जोडले. सगळे घरून खेळणार, मी आणि जीना तिच्या ऑफिसात. मला एक टोपीवाला माणूस दिला होता, तो म्हणजे मी. जीनाने बेटावर उतरल्या उतरल्या कोंबड्या पाळल्या. (घरी माझी एक कोंबडी तिला चालत नाही.) डोंगराच्या कडेला सावली बघून तिने खुराडं घातलं, तिचं बघून अख्ख्या गायनमंडळाने तिथंच घातली. दुपारपर्यंत सगळं बेट पुन्हा काकवीत. मी खुराड्याच्या मागं, जिथं माती संपून खडक लागतो, तिथं सहज उभा होतो, आणि पायाखालची जमीन नाहीशी झाली.

दादा, काय सांगू! मी जगाच्या खाली होतो. वर बेटाचं पोट, आतून पोकळ, पातळ कागदासारखं. झाडांना मुळं नाहीत, विहिरीला तळ नाही. समुद्र खालून काचेसारखा, त्यातून ऊन झिरपत होतं. वर जीनाच्या चपलांचे तळवे इकडून तिकडे जात होते. आणि माझ्या चहूबाजूंनी अंडी पडत होती. पांढरीशुभ्र, हजारो, लाखो, आवाज न करता, खाली, आणखी खाली, जिथं काहीच नाही तिथं. चांदण्या सुटून पडाव्यात तशी. मी माऊस सोडून हात जोडले.

‘सँड्रा,’ मी हाक मारली, ‘इथं खाली अंडी पडतायत गं.’

शेजारच्या खोलीतला कीबोर्ड थांबला. ती धावत आली, माझ्या पडद्याकडे बघत उभी राहिली. मला वाटलं, आता ओरडणार.

‘पप्पा,’ ती अगदी हळू म्हणाली, ‘काही करू नका. फक्त पडत राहा.’

मग तिने समजावलं. माती आणि खडकाच्या सांध्यात फट राहिली होती. उचललेलं अंडं टोपलीत जातं, आपटलेलं फुटतं, पण फटीतून गेलेल्याला आपटायला खाली काही नव्हतंच. ती पडतच राहिली, आणि बिचारा सर्व्हर प्रत्येक अंडं या क्षणी कुठं आहे हे प्रत्येक माणसाला सांगत बसला. तो बंद करून चालू केला की साचलेली अंडी पुसली जायची, म्हणून तासभर बरं वाटायचं. भूपेशने कपाळाला हात लावला. सँड्राने फट बुजवली, बेटाच्या खाली एक अदृश्य जमीन अंथरली, पडेल ते तिथं विरून जाईल अशी, आणि साचलेली अंडी पुसायला घेतली. माझ्या डोळ्यांदेखत तो सगळा पाऊस नाहीसा झाला. आणि वर, दादा, वर सगळे एकदम धावायला लागले! फोनवरून गायनमंडळ ओरडत होतं. संध्याकाळ झाली तरी बेट पाण्यासारखं वाहत होतं. पोरीचे डोळे भरले होते. मी तिच्याकडे बघतच राहिलो. फादर विचारतील तेव्हा आता ‘कॉम्प्युटरचं काहीतरी’ असं मी म्हणणार नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
सेबॅस्टियन

ता. क. जीनाने पत्र वाचलं. ती म्हणते, ‘सहज उभा होतो’ हे खोड. तिची अंडी चोरायला गेलो होतो असं तिचं म्हणणं आहे. हात जोडले हेही तिला मान्य नाही, मी ‘मेलो, मेलो’ ओरडलो म्हणे.

ता. क. २. खरं काम राहिलंच. शनिवारच्या आधी सँड्राला एक चाचणी अतिशय वाईट नेट असलेल्या माणसाकडून करून घ्यायची आहे. साऱ्या वसई-विरारात तिला हवं तितकं वाईट कुणाचं मिळालं नाही, आणि मी अभिमानाने तुझं नाव दिलं. तुझ्याकडे नेटच्या दुरुस्तीला माणूस येणार आहे असं ऐकलं. त्याला चहा पाज, चार गोष्टी कर, आणि वायरीला हात लावू न देता परत पाठव.