बंडीखालची बासरी

उत्रेख्त, ४ ऑक्टोबर १९८३

ती. आजीस,
हिस्केचा सा. न. वि. वि.

एक मागणं आहे, रागावू नकोस. आम्ही चौघं रेकॉर्डर वाजवतो, म्हणजे आजोबांची होती तशी उभी लाकडी बासरी. माझी परवा तडकली, आणि नोव्हेंबरात चर्चमध्ये कार्यक्रम आहे. आमचं संगीत जुनं, बासऱ्याही आजच्यापेक्षा अर्धा स्वर खाली लावलेल्या. दुकानातली चालत नाही. कारागीर म्हणतो, तीन वर्षं थांब. ग्रंथालयाचा सूचनाफलक, वादक मंडळाचं मासिक, सगळं धुंडाळलं. आजोबांची त्याच सुराची होती ना? नाही मिळाली तर माझ्या जागी दुसरी मुलगी येईल.

तुझी लोभातली,
हिस्के

माक्कुम, ९ ऑक्टोबर

चि. हिस्केस अनेक आशीर्वाद.

पत्र आलं, काय आनंद झाला म्हणून सांगू! शेजारच्या चिट्स्केने वाचून दाखवलं. मग मी पुन्हा अक्षर लावत वाचलं, कारण ती मधलं गाळते. येताना धुरावलेली वाम मासळी आणलीन. खारट होती, पण तिला कळवू नकोस.

तर बासरी. आजोबांना जाऊन नऊ वर्षं झाली, पण ती आहे, त्यांच्या लोकरी बंडीत गुंडाळलेली. वाजवायच्या आधी ते तिला बंडीखाली काखेत धरून ऊब द्यायचे. गार लाकडात फुंकलं की आत पाणी धरतं नि आवाज घोगरा होतो, म्हणायचे. वाटाण्याचं सूप पितानासुद्धा काखेत! मी म्हणायची, अहो, अंडं उबवताय का? तर म्हणायचे, हो, पिल्लू निघालं की आधी तुलाच चोच मारील.

आता हसू नकोस. ती वाजते. दिवेलागणीला, मी बटाटे सोलत असते तेव्हा. दोन-तीन सूर येतात, थांबतात, मग चुकलेला सूर पुन्हा घेतला जातो. चिट्स्के म्हणते, धुराड्यातलं वारं आहे ते, शाउक्ये, कानात तेल घाल. पण वाऱ्याला चुकलेला सूर पुन्हा घ्यायचं कुठून सुचणार? मला भीती नाही वाटत, उलट सोबत होते. ती दिली की घर मुकं होईल, एवढीच धास्ती. पण पोरी, तुझी जागा जाता कामा नये. पोस्टाने धाडतेय, बंडीसकट.

मायेची,
आजी

उत्रेख्त, १६ ऑक्टोबर

ती. आजीस सा. न. वि. वि.

बासरी सुखरूप पोचली, सूर अगदी हवा तोच! इतकी वर्षं पडून राहिलेलं लाकूड वाळतं, एकदम फुंकलं तर चिरतं. म्हणून आधी आमच्या संगीताच्या सरांना दाखवली. त्यांनी बासरीच्या मुखाशी बोट फिरवलं. आतून ओलसर होती. म्हणाले, ही तर रोज वाजतेय, आजीला विचार. लबाडे, तूच ना गुपचूप? आणि आणखी एक. काल संध्याकाळी खोली गारठलेली होती. मी बंडी उलगडली, तर बासरी गरम.

मला जरा भ्यायला झालंय. लवकर लिही.

तुझी,
हिस्के

माक्कुम, २१ ऑक्टोबर

चि. हिस्केस आशीर्वाद.

पत्र वाचून एकटीच हसत बसले. अगं, मी कुठली वाजवतेय? पुढचे दात गेल्यापासून मला सूपसुद्धा फुंकता येत नाही. उन्हाळ्यात कसर लागू नये म्हणून बंडी झटकायची, तेवढाच माझा हात.

बासरी गेली त्या संध्याकाळपासून इथे नुसती बटाटे सोलणारी सुरी ऐकू येते. मला वाटलं, न विचारता दिली म्हणून तुझे आजोबा रागावले. रांधलंच नाही. चिट्स्केने सूप आणलं, तेही खारट. आज तुझं पत्र आलं नि जीव भांड्यात पडला. रागावले नाहीत, तुझ्याकडे आलेत.

तेव्हा भिऊ नकोस. त्यांना शहर सोसत नाही, सांभाळून घे. संध्याकाळी दिवा लाव आणि बटाटे घरी सोल, सोललेले आणू नकोस. ते सूर चुकले तर मध्ये बोलू नकोस, पुन्हा घेऊ देत. मी बोलायची, नि मग दोन-दोन दिवस अबोला.

कार्यक्रमाला मी येतेय, चिट्स्केचा जावई गाडीने आणणार आहे. वाजवताना कुठे चुकलीस आणि तोच सूर पुन्हा घेतला गेला, तर लोक काहीही म्हणोत. कोणी घेतला ते मला कळेल.

मग नाताळला दोघं घरी या. वाटाण्याचं सूप करते. लोभ आहेच, तो असाच उबेत ठेवा.

तुम्हां दोघांची,
शाउक्ये