आईचा सातवा फोटो

बुधवार, ता. ११, दुपारी जेवणं झाल्यावर

प्रिय दादा,

तुला नमस्कार, वहिनीला नमस्कार आणि पिल्लाच्या दोन्ही गालांना एकेक चिमटा. मी बरी आहे. पत्र बघून चक्रावला असशील. भिंगरी आणि पत्र! शाळेत निबंधाचा तास आला की माझं पोट दुखायचं. पण फोनवर तू "आईच्या फोटोचं काय झालं?" विचारतोस आणि मी "रेंज नाहीये" म्हणून ठेवून देते. रेंज असते, दादा.

दोन महिने झाले, मी घरीच आहे, कुठेही पळाले नाही. नोकरी करतेय. तू आईला ज्यांच्याकडे न्यायला सांगितलं होतंस ना, त्याच फोटोवाल्या काकांकडे. मागच्या पडद्याला इस्त्री करते, दिवे पुसते आणि माणसाच्या तोंडावर उजेड पाडायला पांढरा पुठ्ठा धरून उभी राहते. सोपं वाटतं ना? हात असे भरून येतात की वेणी घालता येत नाही. म्हणून केस कापले. वहिनीला इतक्यात सांगू नकोस.

काल एक जण वडिलांना घेऊन आला. दर ऐकून म्हणाला, "नुसतं बटण दाबायचे एवढे?"

काका म्हणाले, "बटण तुम्ही दाबा. ते फुकट."

विषय तिथेच मिटला असता, पण मला राहवेना. मी सुरूच झाले. म्हटलं, दिवे आणि कॅमेरा काय झाडाला लागतात? जागेचं भाडं आहे. दोनशेतले चार निवडायला, त्यांच्यावर हात फिरवायला अख्खा दिवस जातो. फोटो दोन-दोन ठिकाणी जपून ठेवावे लागतात. आणि काका सकाळभरात एकच माणूस घेतात, कारण कुणीही आलं तरी पहिला अर्धा तास घरून आणलेलं तोंड घालून बसतं. काका म्हणतात, "बसा निवांत, अजून सुरू नाही केलं, नुसता उजेड बघतोय." मग गुडघे कसे आहेत, सून जेवायला काय घालते, असल्या गप्पा. माणूस कॅमेरा विसरतो आणि त्याचं खरं तोंड हळूच वर येतं. काकांचं बोट तर पहिल्यापासून चालूच असतं. दर आहे तो त्या वाट बघण्याचा.

तो मुलगा म्हणाला, "तुम्ही वकील का नाही झालात?" त्याचे वडील मात्र हसले. तेवढ्यात काकांनी फोटो घेतलासुद्धा.

मी भरकटतेय. कळतंय मला.

दादा, आईच्या फोटोसाठी तू पैसे पुरेसे पाठवले होतेस. मला वाटलं, अर्ध्यात भागवलं तर उरलेल्यात आठवडाभर डोंगरात भटकून येईन. आई आत स्टुलावर बसली होती. ठेवणीतले कपडे घातलेले, केस चापूनचोपून बसवलेले. "चपला जुन्या आहेत हो, पाय येणार का फोटोत?" असं तिने काकांना विचारलेलं मला बाहेर ऐकू आलं. मी काउंटरवर काकूंशी घासाघीस करत होते. काकू समजुतीने म्हणाल्या, "अगं, त्यांना वेळ लागतो, म्हणून दर तसा आहे." माझा आवाज चढला. मी म्हणाले, "एका म्हातारीच्या फोटोला एवढे? ती काय नवरी आहे?"

मध्ये फक्त पडदा होता, दादा. मला जर तिच्या चपलांचं ऐकू आलं, तर तिला माझं आलंच असणार.

मी आत गेले, तिच्या हाताला धरलं आणि बाहेर पडले. रस्त्यावर ती म्हणाली, "बरं केलंस. मलाही तिथे अवघडल्यासारखंच होत होतं." कोपऱ्यापर्यंत माझा दंड धरून चालत राहिली. मी तिला एका भिंतीपाशी उभं केलं आणि मोबाइलवर एक फोटो काढला. ऊन डोळ्यांवर आलेलं, एक डोळा मिटलेला. तुला मात्र कळवलं, फोटो झकास आलाय. मग मी डोंगरात गेले, तुझ्याच पैशांनी. मोबाइल तिथे ओढ्यात पडला.

चार महिन्यांत आई गेली. तू आलास तेव्हा म्हणाले, फोटो मोठा करायला दिलाय.

तू परत गेलास त्याच आठवड्यात मी काकांकडे गेले. त्यांनी मला ओळखलं नाही. आईला ओळखलं. "पाय येणार का विचारत होत्या, त्या?" दोन दिवस जुन्या डिस्क धुंडाळून त्यांनी तिचे सात फोटो बाहेर काढले. उजेड बघताना घेतलेले. पैसे विचारले तर म्हणाले, "पुठ्ठा धरायला माणूस हवंय."

पहिले पाच म्हणजे घरून आणलेलं तोंड. आधार कार्डासारखं. सहाव्यात ती जराशी सैलावलीय, काकांनी मुलांचं विचारलं होतं तेव्हा. "आणखी दहा मिनिटं मिळाली असती, तर..." एवढं बोलून काका उगाच काच पुसत बसले.

सातव्यात तिने मान पडद्याकडे वळवलीय. ओठांवरचं हसू अजून जायचंय आणि डोळ्यांपर्यंत माझं बोलणं पोचलंय. बारीकातली बारीक सुरकुतीसुद्धा दिसते. ती आपली आई आहे, दादा. हाक मारली तर ओ देईल अशी. तिचा इतका चांगला फोटो दुसरा नाही.

काका म्हणाले, "डोळे जरा निवळून देऊ? कुणाला कळणार नाही." मी हो म्हणाले, बाहेर जाऊन पायरीवर बसले, आणि परत येऊन नको म्हणाले. चेहऱ्यावर तेवढं एकच तिचं स्वतःचं होतं. ते मी पुसून कसं घेऊ?

सहावा आणि सातवा, दोन्ही सोबत पाठवतेय. सहावा भिंतीवर शोभेल, कुणी काही विचारणार नाही. मी तेवढाच पाठवून थांबणार होते, म्हणून पत्राला इतके दिवस लागले.

ठरव तू. पण सातवा लावलास आणि पिल्लू मोठं झाल्यावर त्याने विचारलं, आजी कुणाकडे बघतेय, तर त्याला माझं नाव सांग. आणि मी काय म्हणाले होते, तेही सांग. तू सांगितलंस तर मला त्या भिंतीसमोर येऊन उभं राहता येईल.

तिला म्हातारी म्हणालेली,
तुझी भिंगरी