कोरडी टाकी

लार्नाका, ४ एप्रिल १९७६

ती. वदादताईस,
अनीसचा सा. न. वि. वि.

जर्दाळूचा मुरंबा पोचला. खलाशाने वाटेत अर्धा फस्त केला, तरी उरला तो तुझ्याच हातचा, म्हणून तक्रार नाही.

बैरूतच्या यादवीच्या बातम्या ऐकल्या की घास उतरत नाही. आपली इमारत बांधताना तळघरात दोन टाक्या कशाला, म्हणून सगळे मला हसले होते. एकीत पाणी आणि दुसरीत माणसं लपतील, असं तेव्हा सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं. एक काळजी आहे. सध्या कोरडी कुठली ठेवली आहे? डावीच्या भिंतीला ओल धरते, आतल्यांची छाती भरेल. नक्की कळव.

तुला इकडे आणायची खटपट चालू आहे. बॅग भरून ठेव. लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
अनीस

बैरूत, १२ एप्रिल

चि. अनीस यास,
अनेक आशीर्वाद.

भिंती सुकाव्यात म्हणून दर महिन्याला आम्ही टाक्या बदलतो, तशा काल रविवारी बदलल्या. बादल्या वाहून तिसऱ्या मजल्यावरच्या तौफीकची कंबर धरली आहे. आता कोरडी डावी. ओल अजिबात नाही, तुझं काम चोख आहे.

आत मुनीरमास्तर आणि त्यांची लेक सामिया आहेत. पलीकडच्या वस्तीतले म्हणून टोळीवाले त्यांना शोधताहेत. तुला भूमिती शिकवली ते हेच मास्तर. विचारत होते, त्या गाढवाला काटकोन अखेर जमला कसा?

मी येणार नाही. मी गेले तर यांचं जेवण खाली कोण नेणार? प्रकृतीला जप आणि पत्रात खंड पाडू नकोस.

तुझी,
वदादताई

बैरूत, २४ एप्रिल

अनीस,

परवा दुपारी टोळीची पाच माणसं आली. भरलेल्या टाकीकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही, सरळ डावी उघडली. मास्तरांना घेऊन गेले. अजून पत्ता नाही. सामिया तेवढ्यात माझ्याकडे न्हायला वर आली होती, म्हणून वाचली.

डावी की उजवी, हे इमारतीबाहेर फक्त तुला ठाऊक होतं. मीच माझ्या हाताने लिहून पाठवलं. काल त्याच टोळीच्या म्होरक्याच्या सहीचा, शहराबाहेर पडायचा पास माझ्या नावाने आला. आणणारा म्हणाला, भावाचे उपकार मान.

मला वाचवायला केलंस, हे कळतं, आणि त्याचाच जास्त संताप येतो. माझ्या जिवासाठी मास्तरांचा देऊन मोकळा झालास आणि मला विचारलंही नाहीस. तुला कडेवर खेळवलं याची आज लाज वाटते.

पासवर फोटो नसतो. मंगळवारच्या बोटीने सामिया माझ्या नावाने येते आहे. धक्क्यावर जा. बोटीवर त्यांची माणसं असतात, तेव्हा चारचौघांत तिला ताई म्हण. टाकी कुणी दाखवली, हे ती मला रोज विचारते. मी सांगितलेलं नाही. ते तिला तू सांगायचंस.

वदाद