काउंटर, पिकअप आणि कंपनीची चाकं

३ मार्च, सोमवार
पुढच्या सोमवारी मुलीची बेकरी सुरू होतेय. ग्रॅनाइटचा काउंटर आपल्याच कारखान्यातला. ती टेम्पो बोलावणार होती. म्हटलं, दारात स्वतःचा पिकअप असताना टेम्पो? कॅन्सल करायला लावला. प्रश्न एवढाच, की कंपनीच्या मूळ चाकांना वजन किती झेपतं. त्यात काय मोठं? दगडावर टिचकी मारून नुसत्या आवाजावरून चीर ओळखणारा माणूस मी. चाक तर लोखंडाचं.

४ मार्च, मंगळवार. सकाळी
चारही चाकं हातोडीने वाजवली. खणखणीत. जावई म्हणाला, आकडा रिमच्या आतल्या बाजूला असतो, चाक काढावं लागेल. जावई चष्म्यांच्या दुकानात बसतो. ऐकून घेतलं.

६ मार्च, गुरुवार
एक चाक काढलं. स्वतःच्या मनाने. आतला चिखल खरवडला. ९०० किलो. चार चाकांचे छत्तीसशे, स्टेपनी धरून पंचेचाळीसशे. काउंटर सहाशे तीसचा. असे सात नेईन. हिला हिशेब सांगितला, तर म्हणते, "अहो, स्टेपनी कसलं वजन उचलते? ती स्वतःच गाडीत बसून जाते."
वाद घातला नाही. कंबर धरलीय. चाक परत बसत नाहीये.

७ मार्च, शुक्रवार
मेकॅनिकने चाक बसवलं. मग विचारतो, "काका, आणि गाडीचं स्वतःचं वजन कोण उचलतं?" म्हणे नुसत्या चाकांवर भागत नाही, स्प्रिंग असतात, अ‍ॅक्सल असतो. कंपनी सगळा हिशेब करून दाराच्या कडेला स्टिकर लावते. आपल्या गाडीला तिथे कारखान्याची जाहिरात आहे. मीच चिकटवलेली. खरवडली. खाली स्टिकर: माणसं आणि माल मिळून ७००.
म्हणजे काउंटर जातो! मी सोमवारपासून हेच सांगतोय.

८ मार्च, शनिवार
काउंटर वजा जाता ड्रायव्हरला उरतात सत्तर. पोती मोजायच्या काट्यावर उभा राहिलो. ९८. काटा जुना झालाय. तरी धोका नको. निश्चय: उद्यापर्यंत फक्त पाणी.

तोच दिवस, संध्याकाळी
मुलीने नव्या ओव्हनमधला पहिला पाव चाखायला पाठवला. लेकीच्या धंद्याचा पहिला पाव, नाही कसं म्हणणार? सगळा चाखला.

९ मार्च, रविवार
काटा ९९ दाखवतोय. बदलायलाच हवा.
मुलीने माझ्या हातातली किल्ली घेतली आणि जावयाला दिली. तो अठ्ठावन्न किलो, चष्म्यासकट. मला म्हणाली, "बाबा, तुम्ही बसने या. सावकाश या."
पोचलो तेव्हा काउंटर जागेवर बसला होता. पुसूनही झाला होता. जावयाने मला खुर्ची दिली.
येताना बसमध्ये मागच्या चाकावरची सीट मिळाली. बस जवळजवळ रिकामी, तरी त्या चाकाचा आवाज दबल्यासारखा येत होता. उतरताना कंडक्टरला सांगितलं, एकदा दाखवून घ्या.