आजींचं उत्तर

सोमवार, ३

अखेर नोकरी लागली. विद्यापीठाचा समाजशास्त्र व मानववंशशास्त्र विभाग, जिन्यासमोरची खोली. कॉलेज दुसऱ्या वर्षातच सुटलं तेव्हा आई म्हणाली होती, तुझं शुद्धलेखन तरी कोणी काढून घेणार नाही. तेच कामी आलं. संशोधक लोकांशी बोलून येतात. ते रेकॉर्डिंग कानाला लावून मी शब्द न् शब्द उतरवायचा. मला स्वतंत्र टेबल आहे, खिडकी आहे, फिरती खुर्ची आहे. ती एका बाजूला कलते, पण मी वजन सावरून बसतो. शिपाईकाकांनी चहा पाजला आणि 'या पंडित' म्हणून माझं बारसंही करून टाकलं. विभागप्रमुख बाईंनी एकच नियम सांगितला: कानावर पडेल तेच लिहायचं. कळलं नाही, तर कंसात तसं लिहायचं.

शुक्रवार, ७

सध्या म्हातारपणावर अभ्यास चालू आहे. मुलाखती घेणारी संशोधक सगळ्यांची ताई आहे, माझीही झाली. आज तिने घेतलेली एका आजींची मुलाखत उतरवली. गोड आवाज, मध्येच स्वतःशी हसतात. ताईने विचारलं, घरी तुमचं कोण बघतं? आजी म्हणाल्या, सून... आणि नेमका मागे मिक्सर लागला. पुढचं सगळं गेलं. पुन्हा पुन्हा ऐकलं, शेवटी कंस टाकला.

मंगळवार, ११

बाईंनी पानं परत पाठवली. ही मुलाखत आहे की गणिताची वही, सगळीकडे कंसच कंस, असं सगळ्यांदेखत म्हणाल्या. माझे कान तापले. काका म्हणाले, पंडित, मनावर घेऊ नका, त्या माझ्या चहालाही नावं ठेवतात आणि दोन कप पितात. पण मला वाटलं, गेली नोकरी. आजींचा कंस खोडला आणि लिहिलं: सून हात उगारते. तेच का सुचलं, सांगता येत नाही. बाईंना असं काही आवडेल, असं वाटलं असावं. वेलांट्या तपासल्या आणि पानं देऊन टाकली.

गुरुवार, १३

बाई खूश. शोधनिबंधाला हेच वाक्य हवं होतं म्हणाल्या. ताई मात्र म्हणाली, आजी असं बोलल्याचं तिला आठवत नाही. बाईंनी सरळ रेकॉर्डिंग लावलं.

मिक्सर नव्हता. आजी स्वच्छ म्हणाल्या, सून हात उगारते.

ताईने पुन्हा एकदा लावून ऐकलं. आधी वाटलं, सुटलो. मग या वहीतलं शुक्रवारचं पान काढलं. मिक्सर तिथे आहे.

सोमवार, १७

ताई आजींच्या घरी जाऊन आली. त्यांचा गाल सुजला आहे. सून दाराआड रडत होती. ताईला म्हणाली, "मला खरंच कळत नाही हो, हात आपोआप उठतो." याआधी कधीच नाही. गेल्या मंगळवारपासून.

मी बाईंना खरं सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, अरे, त्या स्वतःच्या तोंडाने सांगताहेत, तू कशाला मध्ये लुडबुडतोस.

मंगळवार, १८

वाक्य बदललं. सून जीव लावते.

रेकॉर्डिंग लावलं. आजी तेच म्हणतात, पण रडत. आणि लगेच फटका. तो मी लिहिलेला नाही. ताईचा फोन: मार थांबलेला नाही, आता मनगटावर वळ.

वाक्य पार खोडलं. मग आजींचा आवाजच नाही — नुसते फटके.

बुधवार, १९

मार एकदा लिहिला गेला, तो जात नाही. हात तेवढा बदलता येईल. कोणाचा लिहू? काकांचा? ताईचा? — असा विचार तरी मनात कसा आला.

जे खरं, तेच लिहिलं. मला मारतो तो हे उतरवणारा मुलगा.

ऐकलं. आजी तेच शांतपणे म्हणाल्या. फटका नाही. ताई सांगते, सून आज त्यांच्या पायाशी बसून होती, हात हातात घेऊन. — बरं वाटलं. जेवलो.

गुरुवार, २०

आजींना विभागात आणताहेत. उतरवलेलं ज्याचं त्याला वाचून दाखवायचं असतं. ते काम माझं — मला माहीत नव्हतं. नको म्हणालो. बाई म्हणाल्या, इथे तरी त्या सुरक्षित राहतील.

जिन्यात काठी वाजते. काका म्हणताहेत, सावकाश या आजी, पंडित वाटच बघताहेत —

हे डाव्या हाताने लिहितोय. अक्षर वाईट आहे. उजवा मघापासून वर — टेबलाखाली दाबून धरला, सुटला — दाराला आतून कडी नाही

आल्या. हसताहेत. गाल अजून निळा. माझ्याकडेच — आजी, तिथेच था