बागेतला मास्तर

सोमवार, ४ नोव्हेंबर १९३५
आजपासून रोज लिहिणार. थोर माणसे लिहितात. मी तिसरीतून शाळा सोडली. तो तोटा शाळेचा.
सोलापुरात म्युनिसिपालिटीच्या बागेत पाणी घालतो. सहा महिने झाले, अजून बदलीवरच, कायम नाही. सांगोल्याकडून आप्पांचे कार्ड आले: महिनाअखेर कायम न्हाय झालास तर घरी ये, मेंढरांमागं माणूस न्हाय. मेंढरांमागे! बूट घेतले, भांग पाडला, तो काय मेंढरांना दाखवायला?

बुधवार, ६ नोव्हेंबर
नशीब उघडले. शाळाखात्याने ठरवले आहे की दर शनिवारी पोरांना बागेत आणून झाडाझुडपांत शिकवायचे. त्यासाठी बागेकडे एक कायम माणूस घेणार. ३० तारखेला शाळा तपासणारे डिप्टीसाहेब वर्ग पाहून नेमणूक करतील. तोवर सुपरवायझरसाहेबांनी वर्ग मला दिला. दुसरे कोणी तयार झाले नाही म्हणून दिला, असे बाकीचे माळी म्हणतात. जळतात.

शनिवार, ९ नोव्हेंबर
पहिला वर्ग. विणकरांची तीस पोरे. आल्या आल्या झाडांकडे धावली. डिसिप्लिन शून्य. ओळीत बसवली, झाडांकडे पाठ करून, म्हणजे लक्ष उडत नाही. कडुलिंबाला फळा टेकवून त्यावर कडुलिंबाचे पान काढले. गौरम्मा नावाची पोरगी म्हणाली, मास्तर, खरं पान वर हाय की. सांगितले, वरचे पान परीक्षेत येत नाही.

शनिवार, १६ नोव्हेंबर
आजचा धडा: झाडाला पाने असतात. एका सुरात चाळीस वेळा म्हणून घेतला. बाग दणाणली. पाखरे उडून गेली, बरे झाले. तीही लक्ष वेधतात.
एकच उपद्रव. कुंपणापलीकडे निंगव्वा नावाची कानडी म्हातारी शेळ्या चारते. ती पोरांना हाका मारून पाले दाखवते: ह्यो शेळी खाती, ह्येला शिवत न्हाय, ह्येच्या काडीनं दात घासा. सगळा वर्ग कुंपणाला चिकटला. मी हाकलून परत बसवला, तर म्हणते, यप्पा मास्तर, तुजी मेंढरं लई गुणी, पर चरू दे की त्यास्नी!
अडाणी बाई. तिचे सगळे पाले मला लहानपणापासून ठाऊक आहेत. पण ते मेंढक्याचे ज्ञान. मास्तराने ते विसरायचे असते. मी जवळजवळ विसरलोच आहे.

शनिवार, २३ नोव्हेंबर
निश्चय: डिप्टीसाहेबांपुढे एकही गावंढळ शब्द नको. कुंपणाजवळच्या तरवडीचे नाव आजपासून गोल्डन फ्लावर. गौरम्मा म्हणाली, ही तर तरवड, आमच्यात सणाला हिच्या फुलांची रास रचत्यात. तिला कोपऱ्यात उभी केली. बागेला जवळपास कोपरा नाही, म्हणून हौदापाशी.

शनिवार, ३० नोव्हेंबर. सकाळी ६
बूट पुसले. आज कायम होणार. आप्पांना घालायचे कार्ड कालच लिहून ठेवले.

त्याच दिवशी, दुपारी २
डिप्टीसाहेबांनी तरवडीची फांदी धरून विचारले, बाळांनो, हे काय? वर्ग एका सुरात: झाडाला पाने असतात. साहेब म्हणाले, बरोबर, पण हे झाड कोणते? वर्ग: झाडाला पाने असतात. शिस्त पाहून साहेब थक्क झाले असावेत. मग मला विचारले. मी ठसक्यात म्हणालो, गोल्डन फ्लावर. कोणत्या पुस्तकात आहे म्हणाले. म्हटले, इंग्रजी. सुपरवायझरसाहेब स्वतःच्या चपला बघू लागले.
तेवढ्यात गौरम्माच्या तोंडून तरवड निसटली आणि बांध फुटला. शेळी खात न्हाय! साल कातडं कमवायला लागती! फुलं सणाला! साहेबांनी विचारले, कुणी शिकवले? तीस बोटे कुंपणाकडे.
साहेबांनी निंगव्वाला आत बोलावले, अहो-जाहो करून, आणि शनिवारचा वर्ग तुम्हीच घ्या म्हणाले. ती म्हणाली, घीन की. पर माज्या शेळ्या कोण बगनार?
सुपरवायझरसाहेब माझ्याकडे बघून म्हणाले, आमचा सिदनाथ मेंढक्याचाच हाय की.
त्या अटीवर मला कायम केले.

शनिवार, ७ डिसेंबर
कार्ड टाकले: कायम झालो, शाळाखात्याशी संबंध आहे. तपशील जागेअभावी लिहिला नाही.
निंगव्वाच्या अकरा शेळ्यांना फक्त कानडी कळते. माझ्या हाकेसरशी एक स्टेशनच्या रस्त्याला लागली, दोन बागेतल्या गुलाबात शिरल्या. मी बूट हातात घेऊन मागे पळालो. निंगव्वाने धडा थांबवला, पोरांना कुंपणाशी आणले आणि माझ्याकडे बोट करून म्हणाली, बगा रं, शेळ्या अशा राखायच्या नस्त्यात.
तीसच्या तीस पोरे टक लावून बघत होती. चुळबूळ नाही, बडबड नाही. माझ्याकडे वर्गाने एवढे लक्ष आजच दिले.