नकाशात न मावलेलं वादळ

फणसवाडी, मुंबई
चैत्र वद्य तृतीया, शके १८८१

तीर्थरूप नानांच्या चरणी जावई रघुवीरचा नमस्कार. (साष्टांग म्हणूनच लिहिणार होतो, पण सध्या आमच्या खोलीत आठही अंगं टेकतील एवढी मोकळी जमीन नाही. मधोमध कपाट आडवं पडलेलं आहे. त्याचा खुलासा ओघात येईलच.) इकडे सर्व ठीक आहे. ती. सौ. आईंचा खोकला आता कमी असावा. तांबू गाय व्यायली का? कलमं पाडाला आली असतील, पण मी आंब्यांसाठी पत्र लिहितोय असा गैरसमज कृपया नसावा. आणि आपला उजवा गुडघा कसा आहे? त्याची चौकशी मी मनापासून करतोय, हे विशेष करून कळवतो.

सौ. मालन तिकडे आल्याला आज पंधरवडा झाला. तिनं घडलेला प्रकार आपल्याला सांगितला असेलच, आणि तिच्या सांगण्यात मी वेडा ठरलो असेन हेही मला ठाऊक आहे. तिनं परत यावं म्हणून मी लिहीत नाही. तिला राहायचं तितकं तिनं राहावं, माहेरच आहे. वैशाख सरता सरता बोटी बंद होतात आणि मग नारळी पौर्णिमेपर्यंत कोकणातलं माणूस कोकणात राहतं, हे मी आपल्याला सांगायला नको. मी फक्त शास्त्रीय बाजू मांडण्यासाठी लेखणी उचलली आहे.

तर मूळ सगळं भिवापासून आहे. भिवा म्हणजे आमच्या तळमजल्यावरचा, परदेशी बोटीवर खलाशी असतो तो. (मागं आपल्याकडे गणपतीला आला होता आणि अठ्ठावीस मोदक खाऊन 'आता जेवूया' म्हणाला होता, तोच.) तो माघात अमेरिकेहून आला आणि चाळीच्या चौकात बसून त्यानं टेलिव्हिजनची हकीकत सांगितली. तिथं म्हणे रेडिओला काचेची खिडकी असते आणि आत माणूस दिसतो. "थंय एक माणूस पेटयेत बसून वारो खंय पोचलो ता सांगता," असं त्यानं सांगितलं. हातात छडी, पाठीमागं नकाशा. वसंतात तिकडे मोठी वादळं होतात, आणि तशात तो माणूस दिवसभर पेटीतून हलत नाही, जेवत नाही. आता अमक्या गावचे पत्रे उडाले, आता तमक्या गावानं तळघरात जावं, असं तो सांगत राहतो, आणि लोक कामावर न जाता त्याच्याकडे बघत बसतात. कामावर न जाण्याचा भाग चाळीला फार पसंत पडला. मला मात्र त्या पेटीतल्या माणसाचं माहात्म्य पटलं.

नाना, आपल्याला माहीतच आहे की अख्ख्या चाळीत रेडिओ आमच्याकडे. रोज संध्याकाळी बातम्यांना चौदा माणसं आमच्या दोन खणांत मांडीला मांडी लावून बसतात. दिल्लीत काय ठरलं, मुंबई महाराष्ट्राला मिळणार की नाही, हे कानात प्राण आणून ऐकतात. आणि बातम्या संपून हवामान सुरू झालं की सगळी उठतात, चपला शोधतात आणि मोठमोठ्यानं बोलत निघून जातात. वर्षानुवर्षं हवामान मी एकट्यानं ऐकलेलं आहे. सौ. मालनही ऐकत नसे. ती म्हणे, "त्यापेक्षा आमच्या नानांच्या गुडघ्याक जास्त कळता." हे वाक्य तिनं लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात उच्चारलं आणि पुढे कायम ठेवलं. मी एकदा तिला समजावलं की गुडघा हे काही शास्त्र नव्हे. त्यावर त्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं.

म्हणून मी आमच्या चाळीचा टेलिव्हिजन केला. आपण आंदणात दिलेलं सागवानी कपाट, ज्याच्या दाराला माणूसभर उंचीचा आरसा आहे (आता 'होता' म्हणावं लागेल), ते चौघांकडून चौकात उतरवलं. आरसा काढून भिंतीला टेकवून ठेवला, त्याच्या जागी दारात अरुंद उभी खिडकी राहिली (हात बाहेर जाई, पण कडीपर्यंत नाही, आणि अंग तर नाहीच), आतल्या फळ्या काढल्या, स्टूल ठेवलं आणि मी आत बसलो. आधी दार उघडं ठेवून पाहिलं. पण सगळ्यांचं मत पडलं की दार उघडं असलं की कपाटात माणूस बसलाय असं वाटतं, आणि दार लावलं की टेलिव्हिजन वाटतो. तेव्हा भिवा बाहेरून कडी लावी आणि कार्यक्रम संपल्यावर काढी. हे सगळं झालं तेव्हा सौ. मालन पाण्याच्या रांगेत होती. दुसऱ्या दिवसापासून ती कळशीतल्या पाण्यात बघून कुंकू लावू लागली, आणि तेही मी घरात असतानाच.

आता नकाशा. (इथून पुढं नीट वाचावं, कारण सगळ्या अनर्थाचं कारण हेच आहे आणि यात माझा दोष नाही.) मी शाळेतला नकाशा आणला, तर तो होता द्वैभाषिक मुंबई राज्याचा. कच्छपासून चांद्यापर्यंत एकच गुलाबी रंग. तो लावून मी छडी उचलतो तोच बाबुराव उभे राहिले. बाबुराव म्हणजे तळमजल्यावरचे, समितीचं काम करतात, प्रत्येक सत्याग्रहात जाऊन आलेले. ते म्हणाले, हा नकाशा या चाळीत लागणार नाही. हवामान असो नाहीतर आणखी काही असो, राज्य भाषावारच दिसलं पाहिजे. टाळ्या पडल्या. मग बाबुरावांनी शिंप्याची कात्री आणून गुजरात, सौराष्ट्र आणि कच्छ कापून टाकले. ते त्यांचं त्यांना सुखानं लाभो, असं म्हणून त्याची नीट घडीही घातली. डांग-उंबरगाव मात्र आपल्यातच ठेवले, आणि खालच्या बाजूला कागद चिकटवून बेळगाव, कारवार जोडले. नकाशा एकीकडून तोकडा आणि दुसरीकडून लोंबता झाला, पण लोकांना फार आवडला. त्या दिवसापासून गर्दी वाढली. बेळगावचं तापमान सांगितलं की शिट्ट्या पडत. मी कारवारला दोन-तीनदा विनाकारण पाऊस पाडला, तोही लोकाग्रहास्तव.

अशात फाल्गुन संपत आला. चतुर्दशीच्या संध्याकाळी रेडिओ म्हणाला की अरबी समुद्रात वादळ झालं आहे आणि ते सौराष्ट्राकडे सरकत आहे. माझ्या अंगावर काटा आला. इतके दिवस वाट पाहिलेलं वादळ एकदाचं आलं होतं. धावत खाली येऊन कपाटात शिरलो, भिवानं घाईघाईनं बाहेरून कडी घातली, मी छडीनं वादळ समुद्रात दाखवलं, आणि सौराष्ट्राकडे सरकवायला गेलो तर तिथं कपाटाची मागची फळी. सौराष्ट्र नव्हतंच. नाना, आपण शांतपणे विचार करा, मी वादळ न्यावं कुठं? नकाशाबाहेर गेलं म्हणावं, तर संपलंच सगळं. परत खोल समुद्रात ढकलावं, तर रेडिओनं सरकतंय म्हटलेलं. तेव्हा मी ते मुंबईसमोर उभं करून ठेवलं. उभं ठेवल्यावर मलाच त्याची धास्ती वाटू लागली, आणि मी जाहीर केलं की उद्या सकाळी वादळाचा धोका असेल तर बंदरावर लावतात तसा बावटा माझ्या गॅलरीत दिसेल, तो दिसताच प्रत्येकानं खबरदारी घ्यावी. हे फार परिणामकारक बोललो. दुर्दैव असं की त्या संध्याकाळी सबंध चाळ, आणि कडी घालून भिवाही, समितीच्या सभेला गेली होती. समोर फक्त कोळशाच्या वखारवाल्याची शेळी होती, हे मला कपाटातून अंधारात दिसलं नाही. अर्ध्याच बोलण्यात कुणीतरी टाळी वाजवल्यासारखं वाटलं होतं, ते तिचे कान असावेत. शेवटी एक म्हातारा सभेहून लवकर परतला म्हणून माझी कडी निघाली.

सौ. मालन त्या रात्री नायगावला मावशीकडे श्रीखंडाचा चक्का बांधायला गेली होती. ती घरी असती तर पुढचं काहीच घडलं नसतं, हे मी अनेकदा स्वतःशी म्हटलेलं आहे.

अमावास्येला पहाटे उठलो. बंदरावर काळे गोळे चढवतात. घरात काळं आणि गोल असं काही नव्हतं, म्हणून लांब वेळूच्या टोकाला तांब्या उपडा घातला. तो लांबून दिसेना, म्हणून धोक्याचं चिन्ह म्हणून लाल कापड शोधलं. घरात लाल असा एक मालनचा लग्नातला शालू. तो वेळूला बांधला, वेळू गॅलरीच्या कठड्याला बांधला, आणि खाली येऊन कपाटात बसलो. भिवानं अर्धवट झोपेत कडी घातली.

(आपण हसत असाल. ती. आईंना वाचून दाखवताना हा परिच्छेद गाळावा.)

समोरच्या गॅलरीत राधाबाई तोंड धूत होत्या. त्यांनी वेळू पाहिला, तांब्या पाहिला, शालू पाहिला. आमच्या चाळीत एकादशी असो, संकष्टी असो, तिथी विचारायची ती मालनला. कारण ती नानांची मुलगी, आणि नाना म्हणजे चालतं पंचांग, असा आपला इथं लौकिक आहे. "मालनीन उभारली म्हंजे तिथ बघूनच उभारली आसतली," असं म्हणून राधाबाईंनी सुनेला हलवून उठवलं. पाडवा आजच, तिथीचा क्षय झालाय, ही बातमी तिसऱ्या मजल्यावर जाऊन पुन्हा खाली येईपर्यंत चाळीत सतरा गुढ्या उभ्या राहिल्या होत्या.

मी हे कपाटातून पाहत होतो. नाना, खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. जी माणसं हवामान लागताच चपला शोधत, ती आज माझ्या एका शब्दाखातर घराघरावर बावटे चढवत होती. हार घातलेले बावटे पाहून थोडं आश्चर्य वाटलं, पण लोक हौशी असतात. मग मी समितीचा पत्र्याचा कर्णा तोंडाला लावला आणि अमेरिकेतल्यासारखं सलग सांगायला सुरुवात केली. वादळ पुढं सरकतंय, पलीकडच्या चाळीनंही बावटा उभारलाय, आता कोपऱ्यावरच्या खानावळीनं उभारलाय, लोकहो, धीर धरा. लोकही येताजाता दारातून हात घालून माझा हात धरत आणि 'नवं वर्ष सुखाचं जावो' म्हणत. ते मी वादळाआधीचा निरोप समजलो. कुणीतरी कडुलिंबाची पानं हातावर ठेवली, तीही औषध म्हणून खाल्ली. पुरुषांनी कामावर दांडी मारली. वळणावरचा हवालदार येऊन विचारून गेला की हा समितीचा नवा कार्यक्रम आहे का, आणि बाबुरावांनी, काहीच माहीत नसताना, 'आहे' म्हणून सांगितलं.

दहाच्या सुमाराला सौ. मालन चक्क्याचं भांडं घेऊन चौकात आली. वर गुढ्या, मधे कपाट, कपाटात मी. तिनं भांडं खाली ठेवलं आणि हळूच म्हणाली, "आज अमावास्या आसा." ती एवढंच बोलली, पण चाळीत असं काही सामसूम झालं की गुजरात कापला तेव्हाही झालं नव्हतं. उभारलेली गुढी सूर्यास्ताआधी उतरवावी की नाही, यावर दुपारपर्यंत वाद चालला. अमावास्येला उभारलेली ती गुढी नव्हेच, असं बाबुरावांचं म्हणणं पडलं. तेवढ्यात वारा आला. दिवसभरात ती एकच झुळूक आली. सतरा गुढ्यांतली एकही हलली नाही. माझी गाठ मात्र कारकुनाची. शालू सुटला, चौकावरून एक फेरी मारून वखारीच्या ओल्या कोळशावर जाऊन पडला, आणि त्यावर शेळी बसली. मी हे सगळं पाहिलं, पण मला कपाटातून बाहेर येता येईना. भिवा श्रीखंड आणायला गेला होता.

दुसऱ्या दिवशी खरा पाडवा झाला. कुणाकडे साखरेच्या गाठी उरल्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशी सौ. मालन बोटीत बसली. मी धक्क्यावर गेलो होतो. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, समुद्राकडे पाहिलं आणि शेजारणीला विचारलं, आज वारा कसा आहे म्हणून. मी शेजारी उभा असताना.

असो. शास्त्रीय बाजू मांडून झाली. ती. सौ. आईंना नमस्कार.

आपला जावई,
रघुवीर

ता. क. शालू दोनदा धुतला. लाल आहे असं उजेडात कळतं. कपाट वर आणून आडवं टाकलंय, आरसा उद्या बसवतोय. तडा खालच्या कोपऱ्यात आहे, उभ्या माणसाला दिसत नाही. रेडिओ बातम्या संपताच मी बंद करतो.

आणखी ता. क. वर मी तिनं परत यावं म्हणून लिहीत नाही असं लिहिलं आहे, ते खोडायचं राहिलं. घर खायला उठतं, नाना. पिठलं तर रोज करपतंच, पण ते करपलं म्हणून बोलणारं कुणी नाही. बोटी बंद होण्याच्या आत तिला पाठवावं.

शेवटची ता. क. पुढच्या मंगळवारी समुद्र शांत राहील, असा अंदाज आहे. अंदाज माझा आहे हे तिला सांगू नये, आपल्या गुडघ्याचा आहे असं सांगावं. आणि पाठवण्याआधी एकदा गुडघ्याला खरोखरच विचारून घ्यावं. तो नको म्हणाला, तर मंगळवारी पाठवू नका. तो म्हणेल त्या बोटीनं पाठवा, मी रोज धक्क्यावर जाऊन पाहीन.